बाप होणं अंगातच असतं की शिकावं लागतं?

वाटसरू_८९ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

अडीच महिन्यांपूर्वी मला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून रीतीप्रमाणे बायको सातव्या महिन्यात माहेरी सांगलीला गेली. मी नाशिकला. कळा सुरू झाल्याचा फोन आल्यावर रात्रीच्या गाडीने निघालो, पोचेपर्यंत बाळ झालेलं होतं. सिस्टरनी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ हातात दिलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. खरं सांगतो, मला काही वाटलं नाही. पडेल की काय अशी भीती वाटली, बायकोची काळजी वाटली. लोक सांगतात तसं भरून वगैरे आलं नाही. चौथ्या दिवशी परत नाशिक, मग बारशाला दोन दिवस, बाकी सगळं व्हिडिओ कॉलवर.

गेले तीन आठवडे ऑफिसने घरून काम करायची मुभा दिलीय, म्हणून सासरी सांगलीत आहे. रात्री दोनच्या रडण्याला मी उठतो. दूध पाजून झालं की ढेकर काढणं माझ्याकडे. परवा ती शेजारच्या खोलीत झोपेत नुसती कुशीवर वळली आणि मला जाग आली. मी ढोल वाजले तरी न उठणारा माणूस आहे. आता ऑफिसच्या मीटिंगमध्येही हाताला तिचं वजन जाणवतं.

तीन आठवड्यांत हे कुठून आलं? की आधीपासून आत होतं? सस्तन प्राण्यांत पिल्लांचं करणारे बाप जेमतेम ५ ते १० टक्के जातींत सापडतात, असं वाचलं. मग माणसाच्या नरात हे आलं कसं? जाणकारांनी लिहावं, आणि ज्यांना अनुभव आहे त्यांनी तर नक्कीच.

---

चहात_खारी

अभिनंदन! लेकीला पापा. माझी साडेतीन वर्षांची परवा बालवाडीत सांगून आली, "बाबा म्हणजे दाढीवाली आई." बाईंनी मला बोलावून सांगितलं. दिवसभर हसत होतो.

---

प्रयोगवही

वाटसरू, पहिल्या दिवशी काही वाटलं नाही हे मनाला लावून घेऊ नका. पुष्कळ आयांनाही पहिल्या दिवशी काही वाटत नाही, फक्त त्या बोलत नाहीत.

मी जीवशास्त्र शिकवते. तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा अभ्यास फिलिपाइन्समधल्या सेबूचा आहे. तिथे २००५ साली एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी संप्रेरक, मोजलं आणि २००९ मध्ये त्याच तरुणांचं पुन्हा मोजलं. ६२४ जण होते. ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निष्कर्ष छापले. सुरुवातीला ज्यांचं टेस्टोस्टेरॉन जास्त होतं, तेच चार वर्षांत संसाराला लागून बाप होण्याची शक्यता अधिक होती. पण बाप झाल्यावर त्यांचीच सकाळची पातळी साधारणपणे २६ टक्के आणि संध्याकाळची ३४ टक्के उतरली. एकट्या राहिलेल्या तरुणांमध्ये उतार याच्या निम्म्याहूनही कमी होता. आणि जे बाप रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करत होते, त्यांची पातळी मुलाला हात न लावणाऱ्या बापांपेक्षा कमी निघाली.

टांझानियातलं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. हाड्झा आणि दातोगा हे दोन समाज तिथे एकमेकांच्या शेजारी राहतात. हाड्झा शिकार आणि कंदमुळांवर जगतात, त्यांचे बाप मुलांना खेळवतात, जवळ घेऊन झोपतात. दातोगा गुरं पाळतात, तान्ह्या मुलांचं करणं तिथे बायकांचं काम मानतात. हाड्झांमध्ये बाप झालेल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन बाकीच्यांपेक्षा कमी आढळलं. दातोगांमध्ये फरकच नव्हता. बाप दोन्हीकडचे, पण शरीर बदललं ते मूल अंगाखांद्यावर घेणाऱ्यांचं.

तुमचे तीन आठवडे मला यातच बसताना दिसतात.

---

अण्णा_मिरजकर

सगळं वाचलं. पण मला हे पटत नाही आणि स्पष्ट लिहितो.

आमच्या वडिलांनी आम्हा चौघांपैकी कुणालाही कडेवर घेतल्याचं मला आठवत नाही. मोठ्यांसमोर बापानं आपलं पोर उचलायचं नाही, अशी तेव्हाची रीत. गाव जतकडचं. ७२ च्या दुष्काळात ते खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, ती फडक्यात बांधून घरी आणायचे. स्वतः किती खायचे हे आम्ही कधी विचारलं नाही. त्या वर्षात ते इतके वाळले की आईनं सदऱ्याची शिवण दोनदा आत घेतली.

त्यांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजलं असतं तर तुमच्या तक्त्यात ते दातोगांच्या बाजूला गेले असते. म्हणजे ते कमी बाप होते का?

---

प्रयोगवही

अण्णा, नाही. मुळीच नाही. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी संप्रेरकांबद्दल लिहिलं, बापाची किंमत मोजायला नाही. पण माझ्या लिहिण्यातून तसा अर्थ निघत असेल तर चूक माझी.

---

शून्यप्रहर

अण्णांनी जे लिहिलंय, तोच या विषयातला सगळ्यात जुना वाद आहे.

ओवेन लव्हजॉय या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये मांडलं की आपल्या पूर्वजांचे नर लांबून अन्न आणून एका मादीला आणि तिच्या पिल्लांना देऊ लागले, जोड्या बांधल्या गेल्या, आणि दोन पायांवर चालण्याचं मूळही त्यात आहे, कारण आणायचं तर हात मोकळे हवेत. फडक्यात सुकडी बांधून आणणारा बाप या चित्रात अगदी मधोमध बसतो.

क्रिस्टन हॉक्स यांनी हाड्झांमध्ये राहून याला धक्का दिला. मोठी शिकार मिळाली की मांस सगळ्या वस्तीत वाटलं जातं, शिकाऱ्याच्या पोरांना खास वाटा मिळतोच असं नाही. पोरांचं रोजचं पोट भरत होतं ते आजीनं उकरलेल्या कंदांवर. पुढे रेबेका सियर आणि रूथ मेस यांनी २००८ मध्ये जगभरच्या जुन्या समाजांवरचे अभ्यास एकत्र तपासले. आई गेली तर तान्हं मूल दगावण्याचा धोका सगळीकडे वाढतो. बापाच्या असण्याने मूल जगण्यात फरक पडल्याचं सुमारे एक तृतीयांश अभ्यासांतच दिसलं. आईच्या आईचा आधार त्यापेक्षा जास्त ठिकाणी दिसला.

माणसाचं मूल फार महाग असतं. जन्माला येतं तेव्हा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही नसतो, आणि स्वतःचं पोट स्वतः भरायला अठरा-वीस वर्षं लागतात. इतका खर्च एकट्या आईच्याने झेपत नाही. मदतीला कोण येणार हे मात्र जागा बघून ठरत गेलं. कुठे आजी, कुठे मामा, कुठे बाप, कुठे थोरली बहीण. मानववंशशास्त्रज्ञ साराह ह्रडी यांची मांडणी अशीच आहे आणि मला तीच सगळ्यात पटते.

---

अण्णा_मिरजकर

शून्यप्रहर, माहिती उत्तम. पण आमच्या वडिलांनी सुकडी वस्तीत वाटली नाही, आम्हालाच दिली. हॉक्सबाईंना कुणीतरी कळवा.

---

डोंगरवारा

अण्णांच्या दोन्ही प्रतिसादांना नमस्कार.

मी चिपळूणचा, पक्षी बघत हिंडतो. सस्तन प्राण्यांचं गणित वेगळं का, ते पक्ष्यांशेजारी ठेवलं की लगेच कळतं. गर्भ मादीच्या पोटात, दूधही तिच्याच अंगावर, मग नराने थांबून करायचं काय? तो निघून जातो. अंडं मात्र कुणीही उबवू शकतं आणि किडा कुणीही चोचीत आणून भरवू शकतो. म्हणून पक्ष्यांच्या बहुसंख्य जातींत दोघं मिळून पिल्लं वाढवतात.

आमच्या देवराईत धनेशाचं घरटं आहे. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठेने, चिखलाने तोंड बंद करून घेते, फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. आत ती पिसं गाळते. पुढचे कित्येक आठवडे नर उंबराची फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक करून त्या फटीतून देतो. मी एकदा सकाळी साडेसहा ते साडेअकरा बसून त्याच्या खेपा मोजल्या. फळ हातातून सुटावं तसं एक त्याच्या चोचीतून खाली पडलं, तर तो क्षणभर खाली बघत राहिला. नर मेला तर आतली सगळीच धोक्यात. म्हणून धनेशाची शिकार म्हटली की माझा संताप होतो.

उलटी तऱ्हा हवी असेल तर कमळपक्षी बघा. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. अंडी उबवणं, पिल्लं पंखाखाली घेऊन पाण्यावरच्या पानांवरून फिरवणं, सगळं नर करतो. आणि सुगरण हे नाव बाईचं, पण खोपा विणतो नर! पसंतीला उतरला की मादी आत राहायला येते, आणि तो दुसरा खोपा विणायला घेतो. पिल्लांना भरवण्याचं बहुतेक काम तिच्यावरच पडतं.

---

चहात_खारी

सुगरणीचं हे मला आज कळलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे बिल्डर."

---

प्रयोगवही

डोंगरवारा, तुमच्या यादीत एक बेडूक घाला. कर्नाटकातल्या सह्याद्रीत २०१४ साली एका नव्या जातीची नोंद झाली. त्यातला नर पाण्यावरच्या फांदीला चिकटवलेल्या अंड्यांवर पुढच्या पायांनी ओला चिखल लिंपतो. अंडी वाळू नयेत आणि कुणी खाऊ नयेत म्हणून असावं. त्याचं नावच 'कुंभारा' ठेवलंय.

---

तळ्याकाठी

एरवी नुसता वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

आमची मुलगी दत्तक आहे. घरी आली तेव्हा आठ महिन्यांची होती. "रक्ताचं नातं", "अंगातच असतं" असे शब्द कानावर आले की मी गप्प होतो. पहिले पंधरा दिवस ती माझ्याकडे बघून रडायची, बहुधा संस्थेत तिने पुरुष फारसे पाहिलेच नव्हते. मी रोज संध्याकाळी तिच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसायचो आणि वाटीत चमचा वाजवायचो. सतराव्या दिवशी ती रांगत आली आणि चमचा ओढून घेतला.

आज ती नऊ वर्षांची आहे. प्रश्न एवढाच, की हे सगळं जैविक असेल तर माझ्यात जे झालं ते काय होतं?

---

प्रयोगवही

तेही जैविकच होतं.

इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने २०१४ मध्ये पहिल्यांदाच आईबाप झालेल्यांचे मेंदू तपासले. त्यात मुलांचं मुख्यतः आईच करते अशी घरं होती, आणि जिथे दोन पुरुष मिळून मूल वाढवतात, घरात आई नाही, अशीही होती. आपल्या बाळाचा व्हिडिओ बघताना आयांच्या मेंदूत अमिग्डाला, म्हणजे धोका आणि काळजी टिपणारा भाग, जोरात पेटतो. मदतनीस म्हणून वावरणाऱ्या बापांत तो तितका पेटला नाही. मूल पूर्णपणे स्वतः सांभाळणाऱ्या बापांत मात्र तो आयांसारखाच पेटला. यातल्या एकाही पुरुषाने मूल पोटात वाढवलेलं नव्हतं. जितका वेळ मुलाच्या मागे गेलेला, तितका त्यांच्या मेंदूत अमिग्डालाचा दुसऱ्या भागाशी असलेला दुवा घट्ट होता.

उंदरांवरही एक सुंदर काम झालंय. मादीजवळ न गेलेला नर पिल्लं दिसली की त्यांच्यावर तुटून पडतो. समागमानंतर साधारण तीन आठवड्यांनी, म्हणजे त्याची पिल्लं जन्मायच्या सुमारास, तोच नर पिल्लं तोंडात उचलून घरट्यात आणून ठेवतो. कॅथरीन डुलाक यांनी या वागण्यामागच्या मेंदूपेशी शोधल्या. त्या नर आणि मादी दोघांमध्येही असतात. धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाला माझं उत्तर यात आहे. ते आत असतं, प्रत्येकात, आणि जागं व्हायला मूल जवळ लागतं. तुमच्या मुलीने चमचा ओढला तेव्हा ते काम सतरा दिवस चालू होतं.

---

तळ्याकाठी

धन्यवाद ताई. हा प्रतिसाद बायकोलाही पाठवला.

---

निशिगंध

प्रयोगवहींचं म्हणणं मी रोज डोळ्यांनी बघते. मी नवजात अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. वेळेआधी जन्मलेल्या, वजन कमी असलेल्या बाळांना कांगारू मदर केअर देतात, म्हणजे बाळ उघडं करून छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असं ठेवायचं. कोलंबियात बोगोटाच्या एका सरकारी इस्पितळात १९७० च्या दशकाच्या शेवटी इन्क्युबेटर कमी पडत होते, त्यातून ही रीत आली. नावात मदर आहे, पण आईची शुद्ध सिझेरियननंतर यायची असेल तर आम्ही बापाला बसवतो.

बहुतेक जण आधी नको म्हणतात. "सिस्टर, मला जमायचं नाही." शर्टाची बटणं काढताना हात थरथरतात. पाऊण-एक तास झाला की बाळाचा श्वास संथ होतो, मॉनिटरवरचे आकडे स्थिर होतात, आणि बाप हलायला तयार नसतो. एक रिक्षावाले दादा होते, ११०० ग्रॅमचं बाळ होतं त्यांचं. रोज दुपारी दोनला अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून यायचे. बत्तीस दिवस. त्या दादांच्या रक्तात काय बदललं ते मी मोजलं नाही, पण आवाज बदलला होता.

---

मैनाराणी

इथे कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. माहेरच्या बाळंतपणाची रीत बापाला पहिले तीन महिने बाहेरच ठेवते. हे सगळं जवळ असण्याने जागं होत असेल, तर नेमके तेच दिवस आपण त्याच्यापासून काढून घेतो. आणि मग पुढे आयुष्यभर "यांना मुलाचं काही कळत नाही" म्हणून तक्रार करतो. माझ्या नवऱ्याला मुलगा चार महिन्यांचा होईपर्यंत लंगोट बांधता येत नव्हता, कारण माझ्या आईने त्याला खोलीत येऊच दिलं नाही.

---

सोनटक्का

मैना, तुझं खरं आहे, पण अर्धं.

माझं वय एकोणऐंशी. पहिलं बाळंतपण १९६८ चं, माहेरी, वाईला. सासरी अकरा माणसांचा स्वयंपाक होता, धुणं विहिरीवर. तिथे राहिले असते तर दहाव्या दिवशी चुलीपुढे बसले असते. माहेरी सव्वा महिना आईनं मला पलंगावरून उतरू दिलं नाही. शेक, डिंकाचे लाडू, अंगाला तेल, बाळाला न्हाऊ घालायला बाई. ती रीत बापाला दूर ठेवायला काढलेली नव्हती, बाळंतिणीची पाठ वाचवायला काढली होती. वर शून्यप्रहर यांनी आईच्या आईचा आधार लिहिलाय ना, तो हाच.

हे मात्र खरं, की आमचे हे बारशाला आले तेव्हा बाळाला दारातून बघून गेले. सगळे बसलेले, उचलणार कसे? रात्री सगळे झोपल्यावर माझ्या भावाला मध्ये घालून पाच मिनिटं आले आणि बाळाच्या मुठीत बोट दिलं. ते बोट तिनं धरलं. पुढे म्हातारपणीसुद्धा ते तेवढंच सांगायचे.

---

मैनाराणी

आजी, डोळ्यांत पाणी आलं. मान्य. बाळंतिणीला माहेर हवंच. मग जावयालाही पंधरा दिवस राहू द्या, एवढंच म्हणते.

---

उत्तरवारा

पंधरा दिवसांवरून लिहितो. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांना १९९७ पासून पितृत्व रजा आहे, पंधरा दिवसच. खाजगी नोकरीत कायद्याने काहीच नाही, मालकाच्या मर्जीवर. आईची रजा २०१७ पासून २६ आठवडे आहे.

मी स्वीडनमध्ये असतो. इथे १९७४ पासून रजा दोघांना वाटून घेता येते. आज एका मुलामागे ४८० दिवस मिळतात. त्यातले ९० दिवस प्रत्येक पालकाचे राखीव, दुसऱ्याला देता येत नाहीत. १९९५ मध्ये पहिला राखीव महिना आला, कारण तोवर सवलत असूनही बहुतेक बाप ती आईच्या नावावर करून मोकळे होत. माझा मुलगा अकरा महिन्यांचा असताना मी पाच महिने एकटा घरी होतो. पहिले दोन आठवडे अवघड गेले. नंतर तो पडला की आईकडे न जाता माझ्याकडे यायला लागला, आणि माझी बायको यावरून एक दिवस रडली. याबद्दलही कुणीतरी लिहायला हवं. बाप जवळ येतो तेव्हा आईला थोडी जागा सोडावी लागते, आणि ते तिला सोपं नसतं.

---

शून्यप्रहर

उत्तरवारा, यावर अका लोकांचं उदाहरण. मध्य आफ्रिकेच्या जंगलात राहतात. बॅरी ह्यूलेट यांनी तिथले बाप टिपले. दिवसरात्रीतला जवळपास ४७ टक्के वेळ बाप तान्ह्याला धरून तरी असतो किंवा हाताच्या अंतरावर तरी. कुठलीही रजा नाही, कायदा नाही. कारण त्यांची जाळ्यांची शिकार, ती नवराबायको मिळून करतात. दिवसभर दोघं बरोबर, मूल बरोबर. आई जाळ्याकडे धावली की मूल आपसूक बापाकडे येतं. आपल्याकडेही शेतावरच्या झोळीला झोका देणारा बाप मी पाहिलाय. काम घरापासून लांब गेलं तसा बाप लांब गेला.

अवांतर: एकच बाप असला पाहिजे हाही आपलाच नियम. व्हेनेझुएलातल्या बारी लोकांत गरोदरपणात संबंध आलेल्या दुसऱ्या पुरुषालाही बाप मानतात, आणि तो मासे-मांस आणून देतो. असा दुसरा बाप असलेल्या मुलांपैकी ८० टक्के पंधरा वर्षांपर्यंत जगली, नसलेल्यांपैकी ६४ टक्के.

---

डोंगरवारा

आणि नर नेहमी गोडच असतो असं नाही, हेही नोंदवतो. वानरांच्या टोळीत नवा हुप्प्या आला की तो आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो. युकिमारु सुगियामा यांनी हे साठच्या दशकात आपल्या शेजारच्या धारवाडला पाहून नोंदवलं, आणि पुढे वर उल्लेख झालेल्या साराह ह्रडींनी अबूला अभ्यास केला. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते, म्हणून. २०१३ मध्ये काही संशोधकांनी मांडलं की माकडवर्गात नर मादीजवळ थांबू लागला तो आपलं पिल्लू दुसऱ्या नरापासून वाचवायला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने हे खोडून काढलं. त्यांच्या मते माद्या दूरदूर पांगल्या, एका नराला एकीहून जास्त राखता येईनात, म्हणून तो थांबला, आणि पिल्लाचं करणं नंतर आलं. वाद मिटलेला नाही.

---

वाटसरू_८९ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. सोनटक्का आजींचा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला, त्या वाईच्याच निघाल्या.

आज एक गोष्ट घडली. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी गावाला गेल्यात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना पाय पसरून बसता येत नाही. बायकोच्या टाक्यांवर अजून ताण येतो. मी म्हटलं, मी घालतो. सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, काही बोलले नाहीत. मावशींना बघून बघून मला क्रम पाठ झाला होता. पाटावर बसलो, पाय लांब केले, लेकीला नडगीवर पालथं घेतलं. तेल लावताना ती शांत होती. पाणी घातल्यावर इतकी रडली की शेजारच्या काकू आल्या. पण पुसून, टाळू भरून, दुपट्यात बांधल्यावर तीन तास झोपली, माझ्याच मांडीवर. मी तीन तास हललो नाही. मांडीला मुंग्या आल्या.

अण्णा, तुमच्या वडिलांबद्दल वाचल्यापासून ती सदऱ्याची शिवण डोळ्यांपुढून जात नाही.

आजी, एक विचारायचंय. पाणी किती गरम असावं? आणि उताणं केल्यावर मान घसरते, ती कशी धरायची?

---

सोनटक्का

शाब्बास रे बाळा.

पाण्यात कोपर बुडवून बघ, बोट नको, बोटांना सवय झालेली असते. कोपराला कोमट लागलं की पुरे. उताणं घेशील तेव्हा डोकं तुझ्या पावलांकडे, दोन्ही पावलं जरा जवळ आण, मधल्या खोबणीत मान बसते. डावा हात मानेखाली, उजव्याने पाणी. डोक्यावर तांब्या उंचावरून ओतू नकोस, ओंजळीने घाल. कानात पाणी गेलं तर त्या कुशीवर कर आणि सुती कापडाने टिप. आणि रडली तर रडू दे, गाणं म्हण. कुठलंही चालतं.